मुशीचं तेल

होडीच्या पोटातून माझ्या सासऱ्यांचं डोकं वर आलं, तेव्हा ते पिठाच्या गिरणीतून बाहेर पडल्यासारखे दिसत होते. भुवया पांढऱ्या, मिशी पांढरी, कानाच्या पाळ्या पांढऱ्या. हातातला ग्राइंडर अजून घरघरत होता.

“जावयबापू, खाजता?” त्यांनी विचारलं.

“नाही हो, मामा,” मी मान कराकरा खाजवत म्हणालो.

“खाजवूक नको. खाजवलात की आत जाता. खोबरेल लावा आणि सोसा.”

फायबरच्या होडीची धूळ ही काचेची धूळ असते, हे मला त्या मे महिन्यात कळलं. त्याआधी होडीबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की ती पाण्यात असते. मी कोल्हापुरात कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होतो. सुटीत कालावलच्या खाडीकाठी सासुरवाडीला यायचं, मासे खायचे आणि पडवीत आडवं व्हायचं, हा माझा ठरलेला अभ्यासक्रम. त्या वर्षी पडवीसमोर होडी आडवी झाली होती, त्यामुळे मी उभा होतो.

होडी मामांचीच होती, पण अंगणात ती त्यांनी आणली नव्हती. आदल्या वर्षीच्या वादळात खाडी चढली, काठावर ओढून ठेवलेली ही होडी तिनं उचलली, शेजारच्या परसावरून तरंगत आणली, दोन परसांमधल्या दगडी गडग्यावर आपटली आणि मामांच्या तुळशीपासून हातभर अंतरावर ठेवून दिली. तुळशीचं पान हललं नाही. होडीचा तळ मात्र गडग्याच्या चिऱ्यांवर फाटला. मामांचं नाव विश्राम कोयंडे. नावाचा आणि स्वभावाचा संबंध नव्हता. मासेमारी सुटून बरीच वर्षं झाली होती, गुडघे कुरकुरत होते, तरी होडी दारात आल्यावर त्यांनी ती वादळानं दिलेली आज्ञा समजली आणि रेझिनचे डबे आणले.

“मामा, ही परत पाण्यात कशी जाणार?” मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“खाली ओंडके घालून. सरकवत.”

“ते कळलं. पण कुठून?”

मामांनी ग्राइंडरची चकती बदलायला घेतली. बदलून झाल्यावर हनुवटीनं गडग्याकडे दाखवलं. “थयसून.”

“जानूमामांच्या परसातून?”

“मगे काय इमानातून?”

दुसरी वाट खरंच नव्हती. रस्त्याच्या बाजूनं घराकडे उतरणारी दगडी पाखाडी इतकी अरुंद होती, की तिथून फ्रीज आणताना चौघे देवाला नवस बोलले होते. खाडी समोर दिसायची, पण घर आणि खाडी यांच्यामध्ये मामांच्या थोरल्या भावाचं, जानूमामांचं परसू होतं, आणि दोन परसांमध्ये छातीएवढा गडगा.

“त्यांना विचारलंत?”

“होडी तयार होऊंदे.”

“आणि ते नाही म्हणाले तर?”

“तर अंगणात चांगली होडी असात. आता मोडकी असा.”

तर्कशास्त्रात या युक्तिवादाला नाव नाही. मी नंतर शोधलं.

विचारणं का अवघड होतं, ते वाडीत सगळ्यांना माहीत होतं. जानूमामा धाकट्या भावाशी बोलत नव्हते, हे तर झालंच. भावांनी एकमेकांशी न बोलणं ही आमच्याकडेही चालू वस्तू आहे. पण त्यांनी या होडीकडे कधीही बघणार नाही अशी शपथ घेतली होती आणि ती माझ्या लग्नाच्याही आधीपासून पाळली होती. होडी खाडीत असायची तेव्हा ते काठावरून जाताना त्या बाजूला छत्री धरायचे. रखरखीत उन्हात, कोरड्या आभाळाखाली, आडवी छत्री. होडी अंगणात आल्यावर त्यांनी या बाजूच्या खिडकीला पत्रा ठोकला आणि ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. नवखा माणूस म्हणाला असता, म्हातारा रुसलाय. रुसलेला होताच, पण शिस्तीत.

“ही पट्टी कशाला?” मी विचारलं. तळाला बाहेरून लावायची म्हणून मामांनी फायबरची एक लांब पट्टी करून ठेवली होती.

“डावीकडे ओढता ती. पयल्या दिसापासून. दांडो कितीय सरळ धरा, ही आपली डावीकडे. जन्मभर उजव्या अंगाक रेलान रेलान माझी कंबर गेली.” त्यांनी पट्टीवरून हात फिरवला. “चूक माझीच. लाकूड काढताना मीच मुरगाळलंय तिका.”

“फायबरच्या होडीत कसलं लाकूड?”

मामांनी ग्राइंडर चालू केला. ग्राइंडर हे संभाषण संपवण्याचं उत्तम साधन आहे.

लाकडाची गोष्ट मला मामींनी सांगितली, विळीवर बांगडे कापता कापता. “तेंच्या तोंडातसून ती भायर पडाची नाय,” त्या म्हणाल्या. “मीच सांगतंय. बसा त्या पाटावर.”

मामांच्या वडिलांची होडी होती फणसाच्या फळ्यांची. ती ते आणि जानूमामा मिळून चालवायचे. मामा मिसरूड फुटायच्या आतच रत्नागिरीला ट्रॉलरवर गेलेले, त्यामुळे त्या होडीत त्यांच्या वाट्याला लहानपणी फक्त करवंटीनं पाणी उपसणं आलं होतं. वडील गेले त्या वर्षी मामा घरी परतले ते डोक्यात एक विचार घेऊन. रत्नागिरीला त्यांनी फायबरच्या होड्या बनताना पाहिल्या होत्या. लाकडी होडी उपडी घालायची, वरून काचेचं मॅट आणि रेझिन चढवायचं, सुकलं की वरचं कवच उचलून घ्यायचं. झाला साचा. त्या साच्यातून हव्या तेवढ्या होड्या काढा, सगळ्या बापाच्या होडीसारख्या. जानूमामांनी कुरकुरत होडी दिली आणि ते वेंगुर्ल्याला बायकोच्या माहेरच्या लग्नाला गेले.

“आता ते कारखानेवाले,” मामी म्हणाल्या, “लाकडार मेणाचा पालिश लायतत. परत परत लायतत. म्हणजे फायबर चिकटूचो नाय. ह्यांणी ता बघितल्यानी होता. पण ह्यांचा डोक्या. म्हणाले, मेण कित्याक? आमच्या होडयेक जन्मभर मुशीचा तेल लायलेला असा. मुशीच्या तेलाक कालवां चिकटनत नाय, शेवाळ चिकटना नाय. मगे फायबर कसो चिकटतलो?”

हा युक्तिवाद मला आजही बिनचूक वाटतो. फक्त तो फायबरला कुणी सांगितला नव्हता. सुकून बसलेल्या फळ्या मुशीचं, म्हणजे त्या लहान शार्क माशाचं, तेल पिऊन गेल्या आणि त्यावर रेझिनही प्याल्या. सांध्यासांध्यांत, खिळ्याखिळ्याभोवती ते जाऊन बसलं. सगळी वाडी ओढायला आली, कवच सुटलं नाही. कवच सोलून लाकूड वाचवावं तर फळ्यांचे पापुद्रे निघायला लागले. दोन्हीपैकी एकच वस्तू राहणार होती. मामांनी छिन्नी घेतली आणि बापाची होडी आतून फोडून काढली. उरलं ते कवच, म्हणजे ही होडी.

“आणि जानूमामा?”

मामींनी बांगड्याचं डोकं बाजूला सारलं. “माझ्या अंगणात ढलप्यांचो ढीग. माका काय म्हायत, कसल्या त्या? मी तेच्यार न्हाणयेचा पाणी तापवलंय. भावोजी लग्नातसून दमान इले होते, म्हणान पयला न्हाणां तेंकाच दिलंय. न्हाण घेतल्यानी आणि भायर येवन इचारल्यानी, होडी खय असा?”

त्यांनी पुढचा बांगडा विळीवर धरला. मी विनोद केला नाही. तसा तो सुचलाही नव्हता.

माझ्या हातात ग्राइंडर द्यायला मामा तयार नव्हते. त्यांनी मला एक पत्री दिली आणि होडीच्या आतले जुने रंग खरवडायला बसवलं. वर निळा होता, त्याखाली हिरवा, त्याखाली तांबडा, आणि सगळ्यांत खाली एक करडा, जो मेल्या चिकाटीनं धरून बसला होता. दुपार कलली होती. ऊन माडांमधून तिरपं होडीत शिरत होतं. करड्या रंगाचा एक मोठा पापुद्रा सुटला आणि खाली मला चिरा दिसल्या. होडी आणखी फाटली, असं मला वाटलं. मी बोटानं धूळ पुसली.

चिरा नव्हत्या त्या. लाकडाच्या रेषा होत्या.

मी आणखी खरवडलं. रेषा पुढे गेल्या. फळीच्या रेषा एका दिशेनं वाहत येऊन एका गाठीभोवती वळल्या होत्या, जसं पाणी खडकाला वळसा घालतं. गाठीचा डोळा होता. फळी संपली तिथे सांधा होता, आणि सांध्यात कोंबलेल्या काथ्याचा पीळसुद्धा दिसत होता, दोरीचा एक एक पदर. खिळ्यांच्या डोक्यांचे गोल खळगे एका रांगेत लागले होते. मी बोट फिरवलं तर बोटाला फणसाचं लाकूड लागलं. पण तिथे लाकूड नव्हतं. लाकूड केव्हाच जानूमामांच्या आंघोळीचं पाणी तापवून राख झालं होतं. मी त्या लाकडाच्या जागी बसलो होतो, आणि भोवती त्याची आठवण काचेत गोठली होती, पुढच्या टोकाच्या नाळेपासून मागच्या फळीपर्यंत, एकही फळी न विसरता.

मी हाक मारली असावी, कारण मामा आले. काठावर हात टेकून ते आत बघत राहिले.

“ऱ्हवला हा तर,” ते म्हणाले.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“लाकूड काढला तेवा बघितलंय. बघवला नाय. त्याच दिवशी हो करडो रंग मारलंय.” त्यांनी पदर-पीळ उठलेल्या त्या सांध्याला हात लावला नाही. “उद्या मॅट बसवूची असा. हवेत ओल भरूक लागली. रेझिन धरूचा नाय मगे.”

त्याचा अर्थ मला तोवर कळायला लागला होता. फाटलेला तळ जोडायचा तर आतला सगळा भाग घासून खरखरीत करायचा आणि त्यावर मॅटचे थर चढवायचे. होडी वाचवायची तर हे उद्या पुसलं जाणार होतं, कायमचं.

“दादाक दाखवूक होया होता,” मामा म्हणाले. माझ्याशी नाही, ग्राइंडरशी.

“मग बोलवा ना.”

“बघूचो नाय तो. शपथ असा.”

मी गडगा चढून पलीकडे गेलो. जानूमामा ओट्यावर भिंतीकडे तोंड करून जाळं विणत होते. मामांपेक्षा उंच, हाडं मोठी, खांद्यावर पंचा.

“कोण ता?” त्यांनी न वळता विचारलं.

“मी. शैलाचा नवरा.”

“मासळी हाडलात?”

“नाही. एक सांगायचं होतं.”

“मगे सांगा. भिंत आयकता, मीय आयकतंय.”

मी सांगितलं. वर्गात सांगतो तसं, मुद्देसूद. कवच आतून कसं बनतं, बाहेरच्या फळीचा ठसा आत कसा येतो, रंगाखाली तो कसा टिकतो. त्यांची सुई एका लयीत चालली होती. माझे मुद्दे संपले.

“झाला?” ते म्हणाले. “चाय घेतलात?”

“घेतला.” मी निघालो होतो. जाता जाता म्हणालो, “नाळेजवळ एक गोल ठिगळ मारल्यासारखं दिसतंय, तिथे खिळे दाट आहेत, एवढंच.”

सुई थांबली.

“गोल नाय. लांबट.”

“मला गोल वाटलं.”

“बघान येवा.”

मी गडगा चढून परत गेलो, होडीत उतरलो, बघितलं. ठिगळ लांबट होतं. गडगा चढून पुन्हा आलो. “लांबट आहे.”

“तेच्या वरच्या अंगाक एक खिळो वाकडो असा?”

मी पुन्हा गडगा चढलो. मामा अंगणात उभे होते. “काय चल्ला हा?” त्यांनी विचारलं. “काही नाही, एक खिळा बघतोय,” मी म्हणालो आणि होडीत गुडघे टेकून बसलो. ठिगळाच्या वरच्या कडेला, बाकीचे खळगे गोल होते तिथे एक छोटी आडवी खाच होती. खिळा वाकला होता आणि कुणीतरी तो तसाच ठोकून सपाट केला होता.

“आहे,” मी ओट्याशी येऊन म्हणालो. धाप लागली होती. “आडवा पडलाय.”

जानूमामांनी जाळं मांडीवरून खाली ठेवलं. “तो मी मारललो. हातात पयल्यांदा हातोडो घेतलेलो. काढूक गेलंय तर बाबान काढूक दिल्यान नाय. हसललो बाबा.” मग ते म्हणाले, “शपथ मोडूचंय नाय मी.”

“शपथ बघण्याची आहे ना? हात लावण्याची तर नाही.”

भिंतीकडे तोंड करून त्यांनी याचा विचार केला.

“तुमी काय शिकवतास कालेजात?”

“तर्कशास्त्र.”

“म्हणान.” त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून मागे धरला. “बांधा. आवळान बांधा. खालसून दिसता नये.”

डोळे बांधलेल्या म्हाताऱ्याला छातीएवढ्या गडग्यावरून उतरवणं हे काम मला कॉलेजनं कधी दिलं नव्हतं. मामी चहाचे कप घेऊन दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. मामा होडीपासून चार पावलं मागे सरकले आणि माडाला टेकून उभे राहिले. जानूमामांनी चपला काढल्या, मी हात दिला, आणि ते होडीत उतरले.

आधी त्यांनी हात लावलाच नाही. ते नुसते उभे राहिले आणि पायांच्या तळव्यांनी चाचपत राहिले, अंगठा थोडा डावीकडे, टाच थोडी मागे. मग पुढे सरकले. वाकून दोन्ही हात कडांवर ठेवले आणि ते हात नाळेकडे जाऊ लागले, न घाबरता, न थांबता, जसे आपले हात अंधारात आपल्या घरातला दिव्याचा खटका शोधतात. फळी, सांधा, फळी. एका जागी ते पुटपुटले, “ही बदलली होती, खडकार घासलेली.” मी बघितलं, तर ती फळी खरंच वेगळ्या रेषांची होती. मला ते इतक्या वेळात दिसलं नव्हतं. मागच्या डाव्या कोपऱ्यात ते जरा रेंगाळले. “हयसर बाबा बसायचो,” असं म्हणून त्यांनी ती जागा हातानं झाडली, बसायला कुणी येणार असल्यासारखी. मग परत पुढे गेले आणि अंगठा ठिगळावर टेकवला. खाच शोधावी लागली नाही. अंगठा थेट तिच्यात जाऊन बसला.

पंच्याखाली चेहऱ्याचं काय झालं ते दिसत नव्हतं. माझ्या अंगावर मात्र काटा आला होता, आणि तो काचेच्या धुळीचा नव्हता.

“दादा,” माडाशी उभे असलेले मामा म्हणाले.

जानूमामांनी मान त्या दिशेला वळवली. “फाटली खय?”

“बुडाक. उजव्या अंगाक.”

“वाक शाबूत असत?” त्यांनी होडीच्या आतल्या बरगड्यांबद्दल विचारलं.

“एक गेललो. घातलंय नवो.”

बस, एवढंच. जन्माचा अबोला सुटल्यावर लोक काय बोलतात याची माझी कल्पना वेगळी होती.

“बापाशीच्या होडयेचो ठसो हा, विश्राम,” जानूमामा तसेच वाकून म्हणाले. “ठसो असा. होडी नाय.” अंगठा अजून खाचेत होता. “मॅट घाल. बरी घाल. हवा बघ.”

मी त्यांना परत नेलं. गडग्यावरून उतरताना त्यांनी वरच्या चिऱ्यावर थाप मारली. “हो काढूक लागात होडी जाताना. चिरे माझ्या अंगाक रचा. फुटता नयेत.”

ओट्यावर बसून, भिंतीकडे तोंड केल्यावरच त्यांनी पंचा सोडला.

दुसऱ्या दिवशी मामांनी मॅट बसवलं. रेझिनमध्ये हार्डनर घातला की थांबता येत नाही, ब्रश चालवतच राहावा लागतो. फळ्या एकेक करून त्या मधासारख्या रसाखाली गेल्या. वाकड्या खिळ्याशी आल्यावर मामांचा ब्रश अडला. डब्यातलं रेझिन गरम होत होतं. मग त्यांनी तिथेही मॅट दाबलं, रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढले आणि पुढे गेले. ती जागा सोडली असती तर पाणी आलं असतं.

उधाणाच्या भरतीच्या सकाळी वाडी जमली. गडग्याचे चिरे काढून जानूमामांच्या बाजूला रचलेले होते, एकही फुटला नव्हता. जानूमामा आपल्या परसाच्या मधोमध उभे होते आणि मी त्यांचा पंचा बांधत होतो.

“आवळान,” ते म्हणाले.

“आवळूनच बांधतोय.”

होडीला नारळ घरातल्या थोरल्यानं वाढवायचा असतो. डोळे बांधलेल्या माणसाच्या हातात नारळ दिल्यावर सगळी वाडी आदरानं दोन पावलं मागे झाली. पण नारळ नाळेवर नेमका बसला आणि पाण्याचे शिंतोडे त्यांच्या पंच्यावर आणि माझ्यावर उडाले. ओंडक्यांवरून होडी सरकायला लागली. ती शेजारून जाताना जानूमामांनी काठावर हात ठेवला आणि तिच्याबरोबर चालत राहिले, खाडी गुडघ्याला लागेपर्यंत. मी कोपर धरून होतो. मग होडीनं त्यांच्या हाताखालून स्वतःला सोडवून घेतलं.

मामा एकटेच आत चढले आणि त्यांनी इंजिन हळू सुरू केलं.

“तरंगली?” जानूमामांनी विचारलं.

“तरंगली.”

“पाणी घेता?”

“नाही.”

“सरळ जाता?”

मी बघितलं. भरती भरून पाणी थांबलं होतं, खाडी आरशासारखी होती. मामा उजव्या काठावर रेलून बसले होते, दांडा दोन्ही हातांनी धरून, आणि होडी निवांतपणे डावीकडे वळत कांदळवनाकडे निघाली होती.

“नाही,” मी म्हणालो. “डावीकडे ओढतेय.”

“वारो आसतलो.”

“वारा नाही. मामांनी खालून पट्टीही बसवलीय, सरळ जावी म्हणून. तरी ओढतेय. पहिल्यापासून ओढते म्हणतात. लाकूड काढताना त्यांनीच मुरगाळली, असं म्हणतात.”

जानूमामांचं कोपर माझ्या हातात घट्ट झालं.

“खयच्या अंगाक म्हणालात?”

“डाव्या.”

“अजून?”

मला त्या शब्दाचा अर्थ लागायला एक क्षण गेला.

“बाबानय पट्टी मारल्यान होती,” ते म्हणाले. “दोनदा. तिणां आयकल्यान नाय. ती मुरगळलेलीच जन्माक इली. बाबाच्या हातची पयली होडी ती.” मग ते पाण्याकडे तोंड करून ओरडले, आणि त्या वयात तो आवाज कुठून आला मला माहीत नाही. “विश्राम, डावीकडे बस, मेल्या. डाव्या कोपऱ्यात. बाबा बसायचो थय.”

होडी ओढते डावीकडे, तर बसायचं उजवीकडे, हे कुणीही सांगेल. मीही सांगितलं असतं. मामा जन्मभर तसंच बसले होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं, मग काठ सोडून, गुडघे सांभाळत, डाव्या कोपऱ्यात जाऊन बसले. होडी जराशी त्या बाजूला झुकली. तिचं वळणं मंदावलं. मग ते थांबलं. नाळ खाडीच्या तोंडाकडे आली आणि तिथेच राहिली. मामांनी दांड्यावरचा एक हात काढला. मग दुसराही थोडा सैल केला. मागे पाण्यावर एक रेघ उमटत गेली, पट्टीनं आखल्यासारखी.

त्या कोपऱ्यात बसण्याची जागा इतकी वर्षं रिकामी होती, आणि होडी तेवढ्यासाठी अडून बसली होती.

“आता?” जानूमामांनी विचारलं.

“सरळ जातेय.”

त्यांचे हात डोक्यामागे गेले आणि गाठ चाचपायला लागले. पण मी ती आवळून बांधली होती, आणि नारळाच्या पाण्यानं पंचा भिजून ती आणखी घट्ट बसली होती. त्यांची बोटं सुतात अडखळली. मी त्यांच्या मागे जाऊन गाठीला नखं लावली.

“बेगीन सोडा,” ते म्हणाले. “ती लांब जायत.”